कोरी जागा आणि शून्य

पनवेलला राहणाऱ्या माणसाने ध्रुवप्रदेशातल्या जहाजांविषयी लिहावे, हे कोणाला काहीसे विपरीत वाटण्याचा संभव आहे. आमच्या गावाचा बर्फाशी संबंध मासळीबाजारापुरता. मराठी माणसाची ध्रुवाशी जी काही ओळख झाली तीही बहुधा ग्रंथांतूनच. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली वेदांतल्या उषःसूक्तांचा आधार घेऊन आर्यांचे मूलस्थान उत्तर ध्रुवाजवळ नेऊन ठेवले. तो सिद्धान्त विद्वानांना पुढे मान्य झाला नाही, ही गोष्ट वेगळी. परंतु दीर्घ रात्र आणि दीर्घ पहाट ह्यांची कल्पना त्याने आमच्या आजोबांच्या पिढीच्या मनात रुजवली. त्याच १९०३ साली कॅप्टन स्कॉटचे ‘डिस्कव्हरी’ हे जहाज दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फात अडकून पडले होते, आणि त्या जहाजावरच्या मंडळींचा मुंबईतल्या कुलाब्याशी एक अदृश्य व्यवहार चालू होता. त्या व्यवहाराचे वारसदार आज आमच्या शेजारी, नव्या पनवेलमध्ये राहतात. म्हणून हा विषय मला परका वाटत नाही.

भारतीय भूचुंबकत्व संस्थेची इमारत येथे आहे. १९७१ साली ही संस्था स्वायत्त झाली, परंतु तिचे घराणे फार जुने. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली स्थापन केली, आणि १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी सुरू झाली. आता योगायोग असा, की ह्या संस्थेपासून जवळच कळंबोलीचा लोखंडबाजार आहे. सळ्या, पत्रे, गर्डर ह्यांचे ढीग आणि ते वाहणारे ट्रक ह्यांनी तो सगळा भाग व्यापलेला आहे. आणि चुंबकसूचीला जगात एकाच गोष्टीचे वावडे असते, ते लोखंडाचे! अर्थात् प्रत्यक्ष मोजणी पनवेलला होत नाही. ती अलिबागला होते. येथे तिचा अर्थ लावतात.

सूचीचे हे सोवळे सांभाळण्यासाठी माणसांनी काय काय केले, ते पाहण्यासारखे आहे. ‘डिस्कव्हरी’ हे जहाज स्कॉटलंडमधल्या डंडी बंदरात १९०१ साली पाण्यात उतरले. पोलादी जहाजांचा जमाना आला असतानाही ते लाकडाचे बांधले. त्यावर चुंबकीय वेधांसाठी एक लहानशी खोली होती, आणि तिच्या सभोवार ३० फुटांपर्यंत लोखंड येऊ द्यायचे नाही असा दंडक होता. बर्फाशी झुंजायला निघालेल्या जहाजाने एका काट्यासाठी एवढे बंधन पत्करावे, ही लहान गोष्ट नव्हे. इकडे मुंबईतही त्याच सुमारास असाच प्रसंग आला. घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या येणार असे ठरले. विजेच्या प्रवाहाने कुलाब्याचे काटे भांबावणार हे उघड होते. तेव्हा अलिबागला समुद्रकाठी, चुंबकीय गुण नसलेले साहित्य पारखून घेऊन, नवी वेधशाळा बांधली. १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी वेध घेतले, म्हणजे जुन्या आकड्यांना नव्या आकड्यांचा सांधा नीट बसावा. आणि मग कुलाब्याची चुंबकीय मोजणी बंद केली. विजेची पहिली ट्राम मुंबईत १९०७ साली धावली. त्या वेळचे संचालक नानाभाई मूस हे ह्या पदावर आलेले पहिले भारतीय. कुलाब्याच्या १८४६ ते १९०५ ह्या साठ वर्षांच्या वेधांचे मोठे ग्रंथ त्यांनीच सिद्ध केले.

आता त्या अदृश्य व्यवहाराकडे वळू. पृथ्वीचे चुंबकत्व स्थिर नसते. ते दिवसाच्या प्रहरांबरोबर हलते, आणि कधी कधी सूर्यावरच्या क्षोभामुळे त्याला वादळ येते. असे वादळ एकाच ठिकाणाहून पाहिले तर काहीच उमगत नाही. ते एकाच क्षणी अनेक ठिकाणांहून पाहावे लागते. ही युक्ती गाउस ह्या जर्मन गणितज्ञाने १८३० नंतरच्या दशकात रूढ केली. म्हणून १९०१ साली ‘डिस्कव्हरी’ आणि ‘गाउस’ हे त्याच गणितज्ञाचे नाव धारण करणारे जर्मन जहाज, अशी दोन्ही दक्षिणेकडे निघाली, तेव्हा असा संकेत ठरला की दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला ठरलेल्या वेळी सर्वांनी बारकाईने वेध घ्यायचे; जहाजांनी बर्फात आणि जगभरच्या वेधशाळांनी आपापल्या जागी. ‘गाउस’ बर्फात वर्षभर अडकले, तेव्हा तेथल्या मंडळींनी बर्फावरच आपली उपकरणे मांडली. ‘डिस्कव्हरी’वरचा शास्त्रज्ञ लुई बर्नाकी काठावरच्या झोपड्यांत, सुमारे चार महिने सूर्य न उगवणाऱ्या हिवाळ्यात, उपकरणांची देखभाल करीत होता. त्याचे वेध १९०९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा ते ज्यांच्याशी ताडून पाहिले त्यांत इंग्लंडमधल्या क्यू आणि फॉल्मथ, मॉरिशस आणि क्राइस्टचर्च ह्यांच्याबरोबर आपले कुलाबाही होते. नॉर्वेच्या बिर्कलँडने १९०२-०३ साली उत्तरेकडच्या ध्रुवप्रकाशाचा शोध घेतला, त्यानेही मुंबईचे आकडे मागवून घेतले होते.

बर्नाकीला बोटांची शुद्ध जाईल अशा थंडीत उपकरणाशी खटपट करावी लागे. मुंबईतला त्याचा सहकारी घामाने चिंब होऊन आपले काम करीत असे. दोघांची गाठ कधी पडली नाही. ह्या चित्राकडे पाहताना मला एक प्रश्न पडतो, आणि तो विज्ञानाचा नसून नीतीचा आहे. जो आकडा दुसरे कोणी तपासणार नाही, तो खरा का लिहायचा?

हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. ध्रुवाच्या मोहिमांतून दोन प्रकारच्या वस्तू घरी आल्या. एक म्हणजे दगड. स्कॉट आणि त्याचे सोबती १९१२ साली परतीच्या वाटेवर मेले, तेव्हा त्यांच्या घसरगाडीवर सुमारे १६ किलो दगड सापडले. अन्न संपत आले होते, पाय चालत नव्हते, तरी दगड टाकले नव्हते. त्यांत ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या प्राचीन वनस्पतीच्या पानांचे ठसे निघाले. हीच वनस्पती भारतातल्या कोळशाच्या थरांतही सापडते, आणि हे खंड एके काळी जोडलेले होते ह्याचा तो एक पुरावा ठरला. दगड वाहून आणणे हे मोठे धैर्याचे काम खरे. परंतु एकदा आणला की दगड स्वतःच बोलतो. आणणाऱ्याची नियत कशी होती, हे विचारावे लागत नाही. दुसरी वस्तू म्हणजे आकडा. आकडा स्वतः काहीच सांगू शकत नाही. त्या दिवशी त्या वेळी काटा तेथे होता, ह्याला लिहिणाऱ्याखेरीज साक्षीदार नसतो. रसायनशाळेतला प्रयोग दुसऱ्याला पुन्हा करून पाहता येतो. चुंबकत्वाची ती घटका गेली ती गेली. रॉसने १८३१ साली उत्तरेचा चुंबकीय ध्रुव गाठला, आणि अमुंडसेन १९०३ नंतर ‘योआ’ ह्या लहानशा जहाजातून तेथे गेला, तेव्हा ध्रुवच जागेवरून सरकलेला होता!

खोटे न लिहिण्याचे पहिले कारण म्हणून आपण भीती सांगू. पण येथे भीती कसली? गंमत अशी, की ज्या दाव्यातून कीर्ती मिळते तो तपासला जातो. डॉक्टर कुक ह्याने आपण १९०८ साली उत्तर ध्रुवावर पोचलो असे जाहीर केले, तेव्हा पुढच्या वर्षी कोपनहेगनच्या विद्यापीठाने त्याचे कागद मागवले आणि त्यांत पुरावा नाही असा निर्णय दिला. परंतु हजारो आकड्यांच्या रकान्यात मंगळवारी पहाटे चार वाजताचा आकडा अंदाजाने भरला, तर तो पकडायला कोणते विद्यापीठ येणार?

दुसरे कारण उपयोगाचे. आकडा उपयोगी पडतो, म्हणून तो खरा हवा. हे उत्तर शहाणपणाचे आहे, पण लिहिणाऱ्याच्या हाती ते नसते. १८५९ सालच्या सप्टेंबरची २ तारीख घ्या. कुलाब्याला त्या काळी छायाचित्रणाची सोय नव्हती. टांगलेल्या चुंबकाची हालचाल दुर्बिणीतून मोजपट्टीवर वाचायची आणि वहीत उतरवायची, अशी पद्धत होती; क्षोभ दिसला की दर पंधरा किंवा पाच मिनिटांनी वाचायचे. त्या दिवशी सकाळी चुंबक असा काही घसरला की आजच्या मापाने ती घसरण सुमारे १६०० नॅनोटेस्ला भरते. मोठ्या म्हणून गाजलेल्या वादळात काही शतके नॅनोटेस्लांची घसरण होते, ह्यावरून कल्पना यावी. वाचणाऱ्याने असे पूर्वी कधी पाहिले नसणार. आपला डोळा चुकला, यंत्र बिघडले, असे वाटून आकडा जरा ‘सावरून’ घ्यावा, असा मोह भल्याभल्यांना झाला असता. त्याने दिसले तसे लिहिले. युरोपातल्या काही वेधशाळांत त्या वेळी प्रकाशाची रेघ कागदाबाहेर निघून गेली होती. कुलाब्याच्या वहीत वादळाचा तळ राहिला. १४४ वर्षांनी, २००३ साली, येथल्या भूचुंबकत्व संस्थेतील शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर त्या वहीवरून त्या वादळाचे गणित मांडले. आज कृत्रिम उपग्रह आणि विजेची जाळी ह्यांना अशा वादळाचा केवढा धोका आहे, हे ठरवताना ते आकडे वापरतात. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात मार्च १९८९ मध्ये ह्याहून पुष्कळ सौम्य वादळाने सुमारे नऊ तास अंधार केला होता. परंतु १८५९ साली मुंबईत ना उपग्रह होते, ना विजेची जाळी. उपयोगासाठी खरे लिहायचे, तर कोणत्या उपयोगासाठी?

येथे मला एक शाळेचा शिपाई आठवतो. नोकरीच्या आरंभी मी रायगड जिल्ह्यातल्या एका गावी शिक्षक होतो. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक होते, आणि सकाळी साडेआठला ते उघडून पाहण्याचे काम ह्या मामांकडे होते. ऑक्टोबर उलटला, पाऊस गेला, तरी मामा रोज जाऊन वहीत शून्य लिहीत. मी म्हटले, “मामा, आठ दिवस आभाळात ढग नाही. कोरी ठेवलीत जागा तर काय बिघडेल?” ते म्हणाले, “गुरुजी, कोरी जागा म्हणजे मी आलोच नाही. शून्य म्हणजे मी आलो, उघडून बघितलं, आणि पाणी नव्हतं.” पुढे दुसऱ्या एका कचेरीतली अशीच वही माझ्या पाहण्यात आली. तिच्यात जागा एकही कोरी नव्हती. मात्र सगळे आकडे पाचाने भाग जाणारे होते! पावसाने पाचाच्या पाढ्यात पडायचे कधी ठरवल्याचे मला ठाऊक नाही.

मामांच्या बोलण्यावर निष्काम कर्माचा शिक्का मारून मोकळे होणे सोपे आहे. आपल्याकडे तो शिक्का नेहमी हाताशी असतो. परंतु मला त्यात दोन अडचणी दिसतात. पहिली अशी, की पाचाच्या पाढ्यात पाऊस पाडणारा कारकूनही एका अर्थी निष्कामच असतो. फळाची इच्छा त्यालाही नव्हती, आणि कामाचीही नव्हती. फळाविषयी उदास राहणे आणि कामाविषयी उदास राहणे ह्यांतले अंतर आपण अनेकदा विसरतो. दुसरी अडचण अधिक बोचरी आहे. निष्कामतेचा उपदेश बहुधा कमी पगाराच्या माणसाला केला जातो, आणि फळ मात्र दुसरा कोणी घेऊन जातो. कुलाब्याची वेधशाळा कंपनीच्या जहाजांच्या सोयीसाठी निघाली होती. ध्रुवावर जाणाऱ्या जहाजांच्या डोलकाठीवर राष्ट्राचा झेंडा होता. १८५९ च्या वादळाला नाव मिळाले ते सूर्यावरचा क्षोभ पाहणाऱ्या कॅरिंग्टनचे. कुलाब्याला दुर्बिणीशी बसलेल्या साहाय्यकाचे नाव आज कोणाच्या तोंडी नाही. अशा माणसाची थोरवी गाताना आपण त्याच्या पदरी न पडलेल्या मोबदल्यावर पांघरूण तर घालीत नाही ना, हे तपासून पाहिले पाहिजे. नाव न मिळणे हा सद्गुण नव्हे. तो अन्याय असू शकतो, आणि त्या अन्यायाची भरपाई करणे हे मागून येणाऱ्यांचे काम आहे.

मग उत्तर काय? ते मला त्या १ आणि १५ तारखेच्या संकेतात सापडते. बर्नाकीने बर्फात घेतलेला वेध एकटा घेतला तर बहुतांशी मुका आहे. कुलाब्याचा वेधही एकटा मुका आहे. दोन्ही शेजारी ठेवले की वादळ बोलू लागते. कुलाब्यातल्या माणसाने त्या घटकेला डुलकी काढली आणि अंदाजाने आकडा भरला, तर तो फसवतो कोणाला? सरकारला नव्हे; सरकारला काही कळतच नाही. कंपनीलाही नव्हे, ती तर केव्हाच बुडाली. तो फसवतो पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, काळोखात, बधिर बोटांनी खरे लिहिणाऱ्या एका माणसाला. त्याचे कष्ट हा वाया घालवतो, आणि त्याला ते कधी कळतही नाही. उलट, खरा आकडा लिहिला तर न भेटलेल्या त्या सोबत्याला तो हात देतो, आणि अजून जन्माला न आलेल्यांनाही. टिळकांनी पुढे ‘गीतारहस्या’त कर्मयोगाचा विचार मांडताना लोकसंग्रहावर भर दिला. लोकसंग्रह हा शब्द आपण फार मोठ्या कार्यांसाठी राखून ठेवतो. मला तो एका आकड्यालाही लागू करावासा वाटतो. सत्य हा केवळ मी आणि वस्तू ह्यांच्यातला मामला असता, तर मनाला वाटेल तेव्हा त्यात सूट घेता आली असती. पण त्यात तिसरा एक जण नेहमी असतो, आणि तो दिसत नाही, एवढेच.

ह्यातून माझ्या दुसऱ्या अडचणीचीही थोडी उकल होते. मालकाचा हेतू आणि नोंदीचा प्रामाणिकपणा ह्यांची गाठ बांधण्याचे कारण नाही. कंपनीला जहाजे हाकायची होती, म्हणून कुलाब्याच्या माणसाचे खरे लिहिणे कंपनीचे झाले नाही. कंपनी गेली, साम्राज्य गेले, वही राहिली, आणि ती आज आमच्या गावातल्या माणसांच्या कामी येते. ‘योआ’वर अमुंडसेनच्या हाताखाली चुंबकीय वेध घेणारा तरुण व्हीक १९०६ साली, मोहीम संपण्यापूर्वीच, आजारी पडून वारला. लोखंड नको म्हणून तांब्याचे खिळे ठोकून, खोक्यांच्या फळ्यांतून त्यांनी वेधगृह उभारले होते. स्वतः अमुंडसेन १९२८ साली उत्तरेच्या समुद्रावर विमानासह नाहीसा झाला. त्या वेधांचे सविस्तर ग्रंथ १९३० च्या सुमारास निघाले. लिहिणारे दोघेही तेव्हा नव्हते. तरी वाचणाऱ्याला ते आकडे जिवंत माणसाच्या शब्दाइतके विश्वासाचे वाटले.

आज वेध घेण्याचे काम बरेचसे यंत्रे करतात. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डॉ. कासिम ह्यांच्या नेतृत्वाखाली गोव्याहून डिसेंबर १९८१ मध्ये ‘पोलर सर्कल’ जहाजातून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी बर्फावर उतरली. तेव्हापासून भूचुंबकत्व संस्थेची माणसे तिकडे जात आली आहेत, आणि ‘मैत्री’ ह्या आपल्या ठाण्यावर चुंबकत्वाची नोंद होते. कोणी म्हणेल, आता यंत्र खोटे बोलत नाही, तेव्हा हा प्रश्न मिटला. मला तसे वाटत नाही. यंत्राजवळून लोखंडी वाहन गेले, वीज गेली, तार सैल झाली, तर ते टिपून ठेवणारा माणूसच असतो. तुटलेली रेघ तुटलेली दाखवायची, की दोन टोके सुबकपणे जोडून टाकायची, हा निर्णय आजही एका एकट्या माणसाला, कोणी पाहत नसताना, करावा लागतो. जोडलेली रेघ दिसायला सुंदर दिसते, वरिष्ठही खूष होतात.

आणि हे काही शास्त्रज्ञांपुरतेच नाही. शेताच्या बांधावर न जाता पिकाची पाहणी लिहिणारा, रुग्णाचा ताप न पाहता तक्ता भरणारी, वर्गात न शिकवलेला धडा टाचणवहीत शिकवलेला दाखवणारा, अशा सगळ्यांपुढे तोच रकाना उघडा असतो. त्यांनी पाहिले नसेल, तर जागा कोरी ठेवावी. कोरी जागा ही देखील एक खरी नोंद आहे. येथे कोणी नव्हते, एवढे तरी ती प्रामाणिकपणे सांगते. आणि पाहिले असेल, पण काही दिसले नसेल, तर शून्य लिहावे. त्या शून्याच्या भरवशावर दूर कोठे तरी कोणी आपला आकडा मांडून बसलेला असतो.